चित्रकथा पडद्यावर येते तेव्हा चित्रकार कुठे जातो?

जेफ स्मिथच्या 'बोन' या चित्रकथेत सुरुवातीलाच एक पळापळ आहे. फोन बोन नावाचा पांढरा, गुळगुळीत, भल्यामोठ्या नाकाचा जीव केसाळ उंदीरराक्षसांपासून पळतोय. तो कड्यावरून उडी टाकतो आणि एका काटकुळ्या फांदीला लोंबकळतो. सुटलो, असं त्याला वाटतं. एवढ्याशा फांदीवर आपल्यामागे यायचं तर ते राक्षस अगदीच मूर्ख असायला हवेत, असं तो स्वतःशी म्हणतो. पुढच्या चौकटीत राक्षस त्याच्याशेजारी, त्याच फांदीवर. मग सगळे खाली, आणि पडता पडता फोन बोनचा संताप. 'मूर्ख, मूर्ख उंदीरराक्षस' अशा अर्थाचं ते वाक्य 'बोन'च्या वाचकांना आजही तोंडपाठ आहे.

या विनोदाची सगळी गोम दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत आहे. राक्षसांची उडी स्मिथने काढलेलीच नाही. ती वाचणाऱ्याच्या डोक्यात होते, आणि तिला किती वेळ लागायचा हेही वाचणाराच ठरवतो. एखादा झटकन पुढे सरकतो आणि खुदकन हसतो. दुसरा आधीच्या चौकटीवर रेंगाळतो, फांदी किती बारीक आहे ते बघतो, आणि मग पुढे जातो. तिसऱ्याला पुढची चौकट डोळ्यांच्या कोपऱ्यातून आधीच दिसलेली असते, तरी तो हसतो. आता हाच प्रसंग पडद्यावर आणा. उडी दाखवली तर विनोद गेला. उडी गाळून थेट फांदीवर कट मारला तर विनोद राहील, पण तो किती सेकंदांचा हे संकलक ठरवणार, आणि ते सगळ्या प्रेक्षकांसाठी एकच असणार. दुसरा मार्ग अर्थातच बरा, पण तो सुचण्यासाठी मुळात ती कोरी पट्टी कुणीतरी लक्षात घेतलेली असायला हवी.

'बोन' 1991 ते 2004 या काळात 55 अंकांत पूर्ण झाली. एकत्रित आवृत्ती तेराशेहून अधिक पानांची आहे. या कथेला पडद्यावर आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न नव्वदच्या दशकात निकेलोडियनकडून झाला आणि विरला. 2008 मध्ये वॉर्नर ब्रदर्सने हक्क घेतले, तिथेही काही उभं राहिलं नाही. 2019 मध्ये नेटफ्लिक्सने ॲनिमेशन मालिकेची घोषणा केली आणि 2022 मध्ये तीही गुंडाळली. विशेष म्हणजे स्मिथ मूळचा ॲनिमेशनचाच माणूस. 'बोन' सुरू करण्याआधी तो एका ॲनिमेशन स्टुडिओचा भागीदार होता. हलतं चित्र त्याला हातात होतं, आणि तरीही ही गोष्ट सांगायला त्याने कागद निवडला. असा निर्णय माणूस उगाच घेत नाही. जो कुणी उद्या 'बोन' पडद्यावर आणायला बसेल त्याने सगळ्यात आधी याच प्रश्नाला भिडलं पाहिजे: हे कागदावरच का केलं असेल?

चित्रकथांच्या रूपांतरांवर जो वाद कायम चालतो, तो मात्र भलत्याच मुद्द्यावर चालतो. मूळ कथेशी इमान राखलं की नाही? अमुक पात्र का गाळलं? तमुक प्रसंग दुसऱ्या भागात का ढकलला? हे सगळे प्रश्न कथानकाचे आहेत. जणू चित्रकथा म्हणजे एक पटकथा, आणि चित्रं ही तिला चिकटवलेली सजावट. निर्मात्यांनाही असंच वाटतं. ते कथा विकत घेतात, पात्रं विकत घेतात, जग विकत घेतात, आणि ज्या हाताने ते जग पानावर उभं केलं त्याची रेघ, त्याची गती, त्याची काळी शाई यांना संदर्भसाहित्य म्हणून फाइलमध्ये लावून ठेवतात. माझं म्हणणं सरळ आहे. चित्रकथेत चित्र हीच कथा असते. रूपांतराचं इमान तपासायचं असेल तर चित्रकाराने घेतलेल्या निर्णयांशी तपासा. कथानक बदललं तर एक वेळ चालतं. रेघेमागचा विचार हरवला तर घटना जशाच्या तशा ठेवूनही हाती चोथाच लागतो.

'हेलबॉय'चं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. माइक मिन्योलाची ही चित्रकथा काळ्या रंगावर उभी आहे. पानाचा अर्धा भाग सावलीत बुडालेला, माणसांच्या चेहऱ्यावर मोजक्याच रेघा, आणि हाणामारी ऐन रंगात आलेली असताना मध्येच एक छोटीशी चौकट: दगडी पुतळ्याचा चेहरा, एखादी कवटी, भिंतीवरचं कोरीव काम. त्या चौकटीत काहीच घडत नाही. पण ती चौकट वाचणाऱ्याला सांगते की ही जागा तुमच्या मारामारीपेक्षा फार जुनी आहे आणि तिला या भांडणाचं सोयरसुतक नाही.

2004 साली गिएर्मो देल तोरोने चित्रपट केला तेव्हा त्याने कथेत बिनदिक्कत फेरफार केले. हेलबॉय आणि त्याची सहकारी लिझ यांचं प्रेम मूळ कथेत नाही, ते त्याने घातलं. मिन्योलाचा काळा रंगही त्याने जसाच्या तसा उचलला नाही, स्वतःचे गडद, मधाळ रंग वापरले. पण वस्तूंपाशी थांबायची ती सवय त्याने नेमकी पकडली. किल्ली देऊन चालणारा, अंगात रक्ताऐवजी धूळ असलेला त्यातला खलनायक बघा. कॅमेरा त्याच्या यंत्रापाशी, मुखवट्यापाशी असा रेंगाळतो की त्या देहाला स्वतःचा इतिहास आहे हे बोलून दाखवावं लागत नाही. पुढे 2019 मध्ये नवा 'हेलबॉय' आला. त्यात मूळ चित्रकथांमधली कथानकं एकामागोमाग एक भरली होती. घटनांची यादी करायला बसलात तर पुष्कळ गोष्टी पुस्तकातल्या निघतील. रक्तही भरपूर होतं. पण त्या शांत चौकटी कुठेच नव्हत्या, कारण थांबायला वेळच ठेवला नव्हता. माझ्या लेखी पहिला चित्रपट कथा बदलूनही मिन्योलाच्या जवळ आहे आणि दुसरा कथा घेऊनही त्याच्यापासून कोसभर लांब.

वेळेचा हा प्रश्न जपानी चित्रकथांच्या बाबतीत आणखी टोकाला जातो. 'वन पीस'ची ॲनिमेशन मालिका 1999 पासून चालू आहे. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आठवड्याच्या अंकांतून पुढे सरकते, आणि 2025 पर्यंत मालिकाही तशीच आठवड्याची होती. मालिका मांगाच्या पुढे जाऊन चालणार नाही, म्हणून तिच्यात पाणी घालावं लागलं. मांगाचं एक प्रकरण, म्हणजे सतरा-अठरा पानांच्या आसपासचा मजकूर, वीस मिनिटांत ताणायचा. मग पात्रं एकमेकांकडे बघत राहतात, मागच्या भागाची उजळणी लांबत जाते, एक ठोसा बसायला अर्धं मिनिट लागतं. मुख्य घटना मूळच्याच आहेत. इमानाच्या रूढ मोजमापाने ही मालिका पैकीच्या पैकी गुण घेईल. पण एइचिरो ओदाच्या पानाला जो धबधब्यासारखा वेग आहे, एका पानात दहा माणसं ओरडतायत, तीन विनोद आणि एक रडू एकाच वेळी कोसळतंय, तो वेग कित्येक भागांत सापडत नाही.

'फ्रीरेन'मध्ये याच्या उलट झालं. कानेहितो यामादा लिखित आणि त्सुकासा आबे चित्रित ही मांगा 2020 मध्ये सुरू झाली. तिची नायिका हजारहून अधिक वर्षं जगलेली जादूगार आहे. साथीदारांबरोबर दहा वर्षं भटकून तिने महाराक्षसाला संपवलं आहे, आणि कथा तिथून, म्हणजे विजयानंतर सुरू होते. पन्नास वर्षांतून एकदा होणारा उल्कावर्षाव सगळे मिळून बघतात. पुढच्या वेळी याहून चांगली जागा दाखवीन, असं ती सहज म्हणून जाते. ती परत येते तेव्हा तिचा देखणा साथीदार हिमेल म्हातारा झालेला असतो. थोड्याच दिवसांत तो जातो, आणि त्याच्या अंत्यसंस्काराच्या वेळी तिला कळतं की आपण या माणसाला ओळखून घ्यायचं राहून गेलं. मांगात ही पन्नास वर्षं किती थोड्या जागेत संपतात! आणि तसंच व्हायला हवं, कारण तिच्यासाठी ती तेवढीच होती.

2023 च्या सप्टेंबरात मॅडहाउस स्टुडिओने ही मालिका पडद्यावर आणली, आणि पहिले चार भाग एकत्र, एका चित्रपटाच्या लांबीचे म्हणून दाखवले. या निर्णयाचं मला फार मोल वाटतं. संथ गोष्टीला बस्तान बसवायला वेळ लागतो हे कुणीतरी ओळखलं आणि त्यासाठी जागा मागून घेतली. मालिकेने चालण्याला, थांबण्याला, सामान आवरण्याला वेळ दिला. मांगात चार-दोन चौकटींत उरकणाऱ्या लढाया मात्र तिने मोकळ्या केल्या, फुलवल्या. काही ठिकाणी त्या फुलवण्याचा मोह जरा जास्तच झाला, असं मला वाटतं. या कथेतली लढाई पटकन संपते यातच फ्रीरेनचं वय दडलेलं आहे. पण एकंदरीत ही मालिका करणाऱ्यांनी मूळ पानाची गती ऐकली होती, एवढं नक्की. कुठे ताणायचं आणि कुठे पन्नास वर्षं एका श्वासात टाकायची, हे त्यांनी ठरवून केलं.

गतीनंतर रेघ. 'सँडमन' ही चित्रकथा 1989 ते 1996 दरम्यान 75 अंकांत आली. तिचा लेखक एक, पण चित्रकार अनेक. सुरुवातीच्या अंकांत सॅम कीथचे वेडेवाकडे, भयकथेतले चेहरे. मध्ये जिल थॉम्पसनचा मऊ, खेळकर हात. शेवटाकडे मार्क हेम्पेलच्या टोकदार, कोनांच्या आकृत्या, जणू सगळं जग काचेच्या तुकड्यांतून बघतोय. स्वप्नांच्या राजाची गोष्ट आहे, तर जो ज्याच्या डोळ्यांनी बघेल त्याला तो वेगळा दिसणार, हे त्या चित्रकारांच्या पालटाने न सांगता सांगितलं. आणि अक्षरं! टॉड क्लाइनने स्वप्नराजाचं बोलणं काळ्या, थरथरत्या कडांच्या फुग्यात पांढऱ्या अक्षरांनी लिहिलं. त्याची बहीण डिलिरियम बोलते तेव्हा फुग्यात रंग एकमेकांत मिसळतात आणि अक्षरं लहानमोठी होत डुलतात. कान न वापरता आवाज ऐकू येतो. अक्षरलेखक हा चित्रकथेतला नटच असतो, आणि श्रेयाची गोष्ट निघते तेव्हा तो सगळ्यात आधी विसरला जातो.

2022 मध्ये नेटफ्लिक्सवर 'सँडमन' मालिका आली. टॉम स्टरिजने त्या काळ्या फुग्यासाठी खालच्या पट्टीतला, संथ, जरा लांबून आल्यासारखा आवाज शोधला, आणि तो अगदी चपखल बसला. पण चित्रकारांचा पालट गेला. नरक असो, खानावळ असो की स्वप्नांचा राजवाडा, सगळ्यावर एकच गुळगुळीत झिलई. याला अपवाद फक्त एका भागाचा. पहिला हंगाम येऊन गेल्यावर दोन आठवड्यांनी एक जादा भाग आला. त्याच्या सुरुवातीला हजार मांजरांच्या स्वप्नाची गोष्ट होती, आणि ती ॲनिमेशनमध्ये होती. हिस्को हुल्सिंगच्या दिग्दर्शनाखाली कॅनव्हासवर खरोखर तैलरंगांत रंगवलेल्या पार्श्वभूमी त्यात होत्या. तेवढा वेळ मालिकेचा हात बदलला, जग वेगळं दिसलं, आणि मूळ चित्रकथा जे पानोपानी करत होती ते पडद्यावरही होऊ शकतं हे दिसलं. मग ते पहिल्या भागापासून का नाही केलं?

'लॉक अँड की'मधली डोक्याची किल्ली हे याहून अवघड प्रकरण आहे. चित्रकथेत ही किल्ली मानेच्या मागे घालून फिरवली की कवटी झाकणासारखी उघडते. गॅब्रिएल रॉड्रिगेझने धाकट्या बोडीचं उघडं डोकं काढलं आहे. आत त्याच्या आठवणी, भीती, लाड, राक्षस सगळे इवलेसे होऊन खेळण्यांसारखे दाटीवाटीने उभे. त्या चित्रापाशी वाचणारा थांबतो, एकेक कोपरा शोधत बसतो. बहीण किन्झी तर आपल्या डोक्यातून भीतीला आणि रडण्याला चिमटीने उचलते आणि बाटलीत बंद करते. किती साधं आणि किती अंगावर येणारं! 2020 च्या मालिकेत मात्र किल्ली फिरवली की समोर एक दार येतं आणि पात्रं मनाच्या आत चालत जातात. किन्झीचं मन म्हणजे खरेदीचा मॉल.

बदलाचं कारण मला कळतं. पडद्यावर माणसांना हालचाल करायला जागा लागते. उघड्या डोक्यात वाकून बघणारी दोन माणसं किती वेळ दाखवणार? पण त्या बदलात देह गेला. चित्रकथेत मन हे शरीराचा भाग होतं. त्यात हात घालता यायचा, त्यातली वस्तू काढली की माणूस अधू व्हायचा. दार आणि मॉल आल्यावर ते सहलीचं ठिकाण झालं. जे हरवलं ते कथानकाच्या सारांशात कधीच दिसणार नाही, कारण सारांशात दोन्हीकडे एकच ओळ येते: किल्लीने मनात शिरता येतं. म्हणून म्हणतो, बदल जरूर करा, पण चित्राने जे अंगाला जाणवून दिलं त्याला पडद्यावरचा पर्याय शोधून मगच बदला. घाईत सोयीचा पर्याय घेतला की सगळ्यात आधी जादूच मरते.

या सगळ्यातून माझा एक आग्रह निघतो, आणि तो पुष्कळांना पटणार नाही. अद्भुतरम्य चित्रकथा पडद्यावर आणायची तर पहिला विचार ॲनिमेशनचा व्हावा. आज होतं उलटं. जिवंत नट आणि संगणकाने रंगवलेली दृश्यं म्हणजे बढती, आणि ॲनिमेशन म्हणजे मुलांचं किंवा स्वस्तातलं काम, अशी समजूत घट्ट बसली आहे. पण चित्रकथेतला जीव आणि त्याचं जग एकाच रेघेने बनलेलं असतं. फोन बोन मोजक्या गोल रेघांचा जीव आहे, आणि त्याच्या शेजारी थॉर्न नावाची अगदी माणसासारखी मुलगी उभी असते. पानावर हे विसंगत वाटत नाही, कारण दोघांनाही एकाच कुंचल्याने जन्म दिला आहे. खऱ्या जंगलात खऱ्या मुलीशेजारी संगणकाने कातडीची छिद्रं आणि ओलसर डोळे दिलेला बोन उभा केला, तर तो जीव कुठल्याच जगाचा राहणार नाही.

आणि ॲनिमेशन म्हणजे एकच ठरावीक चकचकीत रूप, असंही आता राहिलेलं नाही. 2018 च्या 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स'ने छपाईचे ठिपके, शब्दांचे फुगे, पानाच्या चौकटी सगळं पडद्यावर आणलं. त्यात नव्याने स्पायडर-मॅन झालेल्या माइल्सला उड्या नीट जमत नसतात तेव्हा त्याची हालचाल सेकंदाला 24 ऐवजी 12 चित्रांत दाखवली आहे, त्यामुळे तो शेजारच्या मुरलेल्या स्पायडर-मॅनपेक्षा अडखळताना दिसतो. कौशल्य आणि अननुभव यांतला फरक चित्रांच्या संख्येतून! चित्रकाराच्या पद्धतीने विचार केला की असं सुचतं. नुसतं संगणकावर केलं म्हणून काम भागत नाही, हेही तितकंच खरं. केंतारो मिउराच्या 'बर्सर्क'मधली प्रत्येक चौकट बारीक, दाट, कष्टाने ओढलेल्या रेघांनी भरलेली आहे. 2016 च्या त्रिमितीय मालिकेत चिलखतं हलत होती, तलवारी फिरत होत्या, पण त्या रेघांमधलं वजन आणि थकवा नव्हता. चाहत्यांनी ती मालिका नाकारली, त्यात हट्ट नव्हता.

या आग्रहाला सगळ्यात मोठं उत्तर पुन्हा 'वन पीस'कडूनच येतं. 2023 च्या ऑगस्टअखेर नेटफ्लिक्सवर जिवंत नटांच्या मालिकेचा आठ भागांचा पहिला हंगाम आला. रबरासारखा ताणला जाणारा नायक, तोंडात तलवार धरून लढणारा माणूस, विदूषकाच्या नाकाचा समुद्री चाचा. हे माणसांकडून करून घेणं म्हणजे हसं होणार, असं मलाही वाटत होतं. तसं झालं नाही. का झालं नाही, हे बघण्यासारखं आहे. एक तर आठच भाग होते, त्यामुळे मूळ पानांची घाई परत आली. दुसरं, खरं दिसण्याचा अट्टहास नव्हता. कपडे भडक, जहाजं खेळण्यासारखी, माणसं मोठ्याने हसणारी. आणि तिसरं म्हणजे ओदा स्वतः कार्यकारी निर्माता होता. आपलं समाधान झाल्याशिवाय ही मालिका येणार नाही, हे त्याने वाचकांना आधीच कळवून टाकलं होतं. त्यामुळे मी माझा आग्रह मागे घेत नाही, पण नियम म्हणून लादतही नाही. जिवंत नट घ्यायचेच असतील तर चित्रकाराच्या अतिशयोक्तीची लाज वाटता कामा नये.

ओदा लेखकही आहे आणि चित्रकारही, म्हणून त्याचा शब्द चालला. जिथे ही दोन कामं दोन माणसांकडे असतात तिथे काय होतं? प्रसिद्धीत लेखकाचं नाव पुढे, मुलाखती लेखकाच्या, पटकथेच्या बैठकीत लेखक. ज्याने त्या जगाची दारं, टोप्या, झाडं, प्राणी आणि प्रत्येकाची चाल पहिल्यांदा ठरवली, तो बाहेर. चित्रकाराला श्रेयनामावलीत एक ओळ आणि पाहुणा म्हणून एक झलक देऊन ही चूक भरून येत नाही. प्रसंगांची लांबी ठरते, कॅमेरा कुठे थांबायचा ते ठरतं, त्या खोलीत तो हवा. चित्रकार म्हणजे फक्त वेशभूषेचा सल्लागार नव्हे. पानावर संकलन त्यानेच केलेलं असतं.

अपूर्ण कथेचा प्रश्न मी थोडक्यात सांगतो, कारण तो तुलनेने सोपा आहे. कथा पूर्ण झालेली नसेल तर पडद्यावर स्वतंत्र शेवट करा, आणि तो स्वतंत्र आहे हे उघड सांगा. हायाओ मियाझाकीने 'नाउसिका'ची मांगा 1982 मध्ये सुरू केली आणि 1984 मध्ये स्वतःच चित्रपट केला. मांगा पुढे 1994 पर्यंत चालली, सात खंडांची झाली, आणि तिचा शेवट चित्रपटापेक्षा कितीतरी अंधारा आणि अस्वस्थ करणारा निघाला. एकाच माणसाने एकाच मुलीची गोष्ट दोनदा, दोन वेगळ्या निष्कर्षांनी सांगितली, आणि दोन्ही खऱ्या आहेत. 'फुलमेटल अल्केमिस्ट'चंही तसंच. हिरोमू आराकावाची मांगा अपूर्ण असताना 2003 मध्ये आलेल्या मालिकेने स्वतःची वेगळी वाट धरली. मांगा पूर्णत्वाकडे आल्यावर 2009 मध्ये दुसरी मालिका आली, ती मूळ कथेच्या शेवटापर्यंत गेली. आजही दोन्हींचे चाहते आहेत आणि दोन्ही बाजू एकमेकींशी हिरिरीने भांडतात. या भांडणात मला आनंद वाटतो.

जीव घेणारी गोष्ट वेगळी आहे. हंगामाहंगामाने मंजुरी मिळवत जाणारी मालिका पुढचा हंगाम मिळेल न मिळेल या धास्तीत लिहिली जाते. शेवटच्या भागात टांगून ठेवायचं म्हणून मधले धागे फुगवले जातात. दोन-तीन हंगामांनंतर आकडे जमले नाहीत की गाशा गुंडाळला जातो, आणि 'बोन'सारख्या कित्येक कथा तर पहिला भाग दिसायच्या आधीच बंद होतात. हक्क मात्र त्या काळात अडकून पडतात. दुसऱ्या कुणाला, लहान स्टुडिओला, संथपणे काम करणाऱ्याला ती कथा करून बघता येत नाही. हक्क विकताना ठरावीक मुदतीत काम उभं राहिलं नाही तर ते आपोआप निर्मात्याकडे, म्हणजे खऱ्या निर्मात्याकडे, चित्रकार-लेखकाकडे परत यावेत, अशी अट प्रत्येक करारात असायला हवी. आणि पूर्ण झालेली कथा घेत असाल तर ती किती भागांत संपणार हे आधी ठरवून, तेवढ्या सगळ्या भागांची हमी देऊनच घ्यावी. तेराशे पानांची गोष्ट सुरू करून तीनशे पानांवर सोडणं हा प्रेक्षकांचा आणि ती गोष्ट काढणाऱ्याचा, दोघांचाही अपमान आहे.

आपण वाचकही यातून सुटत नाही. झलक आली रे आली की चौकट आणि दृश्य शेजारी शेजारी ठेवून जुळतंय का ते बघण्याची आपल्याला सवय लागली आहे. जुळलं की टाळ्या. निर्मात्यांनी ते बरोबर हेरलं आहे. म्हणून आता प्रत्येक रूपांतरात अशी दोन-चार दृश्यं मुद्दाम पेरलेली असतात: तीच उभी राहण्याची ढब, तोच प्रकाश, तोच झगा. पुस्तकात ते चित्र पूर्ण पानभर का होतं, त्याच्या आधी किती गर्दीच्या, कोंदट चौकटी होत्या म्हणून ते उघडताना श्वास मोकळा झाला, हे मात्र कुणी विचारत नाही. नटाचा वर्ण, केसांचा रंग, उंची यांवरून होणारी आरडाओरड तर मला दुःखी करते. 'सँडमन'मधली डेथ, म्हणजे मृत्यूच्या रूपातली स्वप्नराजाची बहीण, पडद्यावर कशी असावी यावरून किती गदारोळ झाला! कर्बी हॉवेल-बॅप्टिस्टने ती साकारली तेव्हा जे महत्त्वाचं होतं ते सगळं होतं: मरणाऱ्याच्या शेजारी निवांत बसणारी, त्याला न घाबरवणारी, थोडी थकलेली माया. चित्रातल्या त्या मुलीचंही मर्म तेच होतं, तिच्या कातडीचा पांढरा रंग नव्हे.

उलट आपण ज्याबद्दल आवाज करायला हवा त्याबद्दल गप्प बसतो. जाहिरातीत चित्रकाराचं नाव नसेल तर आपण विचारत नाही. अक्षरलेखकाचं नाव तर आपल्यातल्याच बहुतेकांना ठाऊक नसतं. रूपांतराची घोषणा झाली की पहिला प्रश्न 'नायक कोण' हा असतो. 'चित्रकार या कामात आहे का' हा प्रश्न पहिला यायला लागला, तर कंपन्यांना त्याचं उत्तर तयार ठेवावं लागेल.

आणि काही चित्रकथांनी पडद्यावर यायचंच नाही म्हटलं तर ते आपण आनंदाने मान्य करायला हवं. ब्रायन व्हॉन आणि फिओना स्टेपल्स यांची 'सागा' 2012 पासून चालू आहे. चित्रपटात किंवा मालिकेत जे करता येणार नाही ते करायचं, याच ईर्षेने ती लिहिली-काढली गेली, हे व्हॉनने उघड सांगितलं आहे. त्यात डोक्याच्या जागी दूरचित्रवाणी संच असलेले राजपुत्र आहेत, खोटं बोललं की ओळखणारं मांजर आहे, आणि निवेदन करणाऱ्या मुलीचे शब्द स्टेपल्स स्वतःच्या हाताने थेट चित्रावर लिहिते. दोन देशोधडीला लागलेल्या जिवांचा हा संसार वाचकांनी डोक्यावर घेतला आहे. त्यावर मालिका कधी येणार, असं विचारणारे मात्र दर वर्षी भेटतात, जणू पडद्यावर आली नाही तोवर गोष्ट पूर्ण होत नाही. ती कधीच पूर्ण आहे. अंक घ्या, वाचा, आणि स्टेपल्सने एखादं पान जवळजवळ रिकामं का सोडलंय ते बघत बसा.